सायकलचा दसरा

गाडीच्या मीटरवर गेल्या दसऱ्यापासून फक्त एकेचाळीस किलोमीटर वाढले होते. उज्ज्वलाने तो आकडा पाहिला. धूर नको म्हणून तिचा नवरा विद्याधर दोन वर्षं सायकलनेच बँकेत जात होता. पण गाडी विकायचं म्हटलं की उठून जायचा. घराण्यातली ती पहिली गाडी. त्याचे वडील तिच्यात ताठ बसून गावभर फिरले होते.

फुलवालीकडे आज झेंडूचा एकच हार उरला होता. विद्याधर तो घेऊन गाडीपाशी थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने तो सायकलच्या हँडलला बांधला.

“अरे, गाडी रुसेल की!” शेजारचे काका हसले.

“रुसू दे, काका. वर्षभर राबली ही.”

उज्ज्वलाला वाटलं, काकांनी हे उत्तर सगळ्या गल्लीला ऐकवावं.

कुंकू लावून झाल्यावर तो तिच्याकडे वळला. “उज्ज्वला, आपण गाडी विकूया.”