रतिलालचा नेम

मंदाला मागणी घालणारा धुळ्याचा रतिलाल सोनगीरला आला, तो खांद्याला नवी कोरी एअरगन आणि हातात मेलेला ससा घेऊनच. "दुकानातल्या चार बंदुका पारखून ही घेतली. पहिल्याच छऱ्यात लोळवला गडी!" तो ओसरीवर मंदाच्या वडिलांना, जीवरामआबांना, सांगत होता आणि ते कौतुकानं मान डोलवत होते.

आत मंदाच्या आईनं, सुनंदाबाईनं, ससा सोलून कापायला घेतला. मागच्या मांडीत एक छर्रा निघाला. मग पाठीत दोन, पोटात तीन, कानामागे एक. ती छऱ्यांची ताटली घेऊन बाहेर आली.

"एकज छर्रा लागना ना? मंग ह्या सात कोना शेतस?"

रतिलाल हसला. "पहिल्यातच तंगडी मोडली हो, मावशी. मग तो जागचा हलेना. म्हटलं, आयता सापडलाय तर जीव जाईस्तोवर नेम पक्का करून घेऊ."

आबाही हसले. सुनंदाबाईनं पाहुण्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, ताटली त्याच्या पुढ्यात आदळली आणि आत तोंड करून हाक मारली.

"मंदा, नवं पातळ काढी टाक! पाव्हना परत चालनात."