एकजात काळ्या

लिलावातून आलेली ती जुनी लष्करी जीप उस्तादांच्या गॅरेजात उभी होती आणि आठ दिवस उस्तादांचं डोकं खात होती. आधीच्या मालकाने लाल, हिरव्या, पिवळ्या वायरी काढून सगळ्या एकजात काळ्या टाकल्या होत्या. रंगकामासाठी उस्तादांनी त्या सोडवल्या, परत जोडल्या, तर ब्रेक दाबला की हॉर्न बोंबलायला लागला.

"याने अक्कल गहाण ठेवली होती का!" म्हणत शेवटी त्यांनी गाडीच्या कागदांवरचा त्या मालकाचा फोन नंबर लावला. "अहो, यातली कुठली वायर कशाची, हे ओळखायचं कसं?"

"बोटांनी. प्रत्येकीची जाडी केसभर वेगळी आहे. डोळे मिटून चाचपा, उस्ताद."

उस्तादांनी चाचपलं. पण चाळीस वर्षं लोखंड हाताळून राठ झालेल्या बोटांना काही म्हणता काही लागेना.

"छे! मला तर सगळ्या सारख्याच वाटतात."


"बावीस वर्षांपूर्वी तुम्ही लाल आणि हिरवी वायर समोर धरलीत, तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. आता, तेव्हा तुम्ही मला सुनावलंत तसंच, पक्कड खाली ठेवा आणि गॅरेजातून चालते व्हा."