पाण्यातली पायवाट

डॉक्टर नको म्हणत असतानाही नर्सबाई गुडघ्याला पट्टा बांधून त्या उंचावरच्या तळ्यापाशी पोचल्याच. सात वर्षांपूर्वी त्यांची धाकटी बहीण इथूनच बेपत्ता झाली होती.

समोरचा डोंगर ओसाड होता. पाण्यातल्या त्याच्या प्रतिबिंबात मात्र एक बाई पायवाटेनं खाली उतरत होती. अंगात नर्सबाईंनीच विणलेला लाल स्वेटर होता.

सोबत आलेला वाटाड्या पांढराफटक पडला. "बाई, आल्या पावली परत फिरू."

"तुम्ही व्हा पुढे. तिला घेतल्याशिवाय मी हलत नाही."

पाण्यातली बहीण काठाकाठानं येऊन नर्सबाईंच्या प्रतिबिंबाशेजारी उभी राहिली. नर्सबाईंनी हात पुढे केला.

पाण्यात दोघी हात धरून डोंगर चढू लागल्या. नर्सबाई काठावरच उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायाशी पाण्यात नुसतं आभाळ होतं.