आखूड शेपट्या

पडद्यावर फाज विषाणूंची डोकी ठसठशीत दिसत होती, पण शेपट्या आखूड होत्या. सगळ्यांच्या सारख्याच आखूड.

"जिवाणूंवर जगणारा हा विषाणू," मुंबईहून आलेले डॉ. रेगे सांगत होते, "शेपटी बांधतो ती प्रथिनांच्या चकत्या एकावर एक रचून. पण कुठं थांबायचं, हे त्याला कसं कळतं? आत एक लांबट प्रथिन असतं, ती त्याची मोजपट्टी. पट्टी संपली की रचणं थांबतं. पट्टीच आखूड झाली, तर शेपटी ही अशी होते." त्यांनी समोर पाहिलं. "नाशिकमध्ये कुणी असं पाहिलंय का?"

पहिल्या रांगेतून विभागप्रमुख रावजी देवरे उठले. "आम्ही पाहिलंय. गोदावरीच्या पाण्यातल्या फाजमध्ये. त्र्याऐंशी सालीच."

'आम्ही' हा शब्द तोंडातून गेला, आणि मग त्यांना आठवलं, की सुला गांगुर्डे मागे बसली आहे.

पाहिलं होतं ते तिनं एकटीनं. त्यांच्या हाताखाली संशोधन करताना मुंबईला जाऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर फोटोही तिनंच काढून आणले होते. ते बघून देवरे सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तुम्हाला नमुना नीट धरता येत नाही. शेपट्या मोडल्यात या. मोडतोडीवर पीएचडी मिळत नसते." वर्षभरात ती सोडून गेली. त्यांनी थांबवलं नव्हतं.

"वा!" रेगे म्हणाले. "पण शेपट्या मोडलेल्या नाहीत, हे कशावरून ठरवलंत?"

देवरेंना उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी घसा खाकरला, चष्मा पुसला. शेवटी त्यांनी मागं वळून पाहिलं, तेव्हा सुला उभी राहिली.

"सर, शेपटीची बांधणी टोकाकडून सुरू होते, डोकं शेवटी बसतं. मोडली असती तर टोकाचा तंतू गळून गेला असता. आमच्या फाजला डोकं होतं, तंतूही होता. मधलं अंतर तेवढं कमी." "देवरे सरांनी पुन्हा पुन्हा बघायला लावलं, म्हणून खात्री झाली."

टाळ्या पडल्या. देवरेंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे बोलणं टोमण्याचं होतं का, हे कळावं म्हणून ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. टोमणा नव्हता.

व्याख्यान संपल्यावर रेगे खाली उतरून तिच्याकडे आले. देवरेही त्यांच्यामागून आले.

"हल्ली कशावर काम चाललंय?" रेग्यांनी विचारलं.

"कळवणला शाळेत शिकवते. विज्ञान."

"आणि हे सोडलंत? अहो, का?"

सुलानं देवरेंकडे पाहिलं. 'माझ्यामुळं,' एवढंच त्यांना म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलाही.

"घरची जरा अडचण होती," सुला म्हणाली.

"देवरे सर, इकडं या!" प्राचार्यांनी हाक मारली. पाहुण्यांसाठी आणलेल्या शेवंतीच्या हारांतला एक उरला होता. "तुमच्या विभागानं आज कॉलेजचं नाव राखलं. नाही म्हणू नका."

हार घालून घ्यायला देवरेंनी मान खाली घातली. हार गळ्यात पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी फोटोसाठी "सर, वर बघा" म्हणालं. पण ती मान काही वर येईना.