पलीकडचा इंजिनियर

“शहराचे पंप झाले. आता हॉस्पिटलचा,” मागे उभे राहून साहेब म्हणाले.

तिचा हात माऊसवरच थबकला. सीमेपलीकडच्या त्या शहरातले नळ एव्हाना कोरडे पडायला लागले असतील. ना एक गोळी सुटली होती, ना एक शिपाई जागचा हलला होता. उद्या दोन्ही देशांची बोलणी होती. त्याआधी पलीकडच्यांच्या तोंडचं पाणी पळवायचं, असं वरून ठरलं होतं.

त्यासाठीच ती दोन वर्षं तिथल्या पाणीपुरवठ्याच्या इंजिनियरच्या कॉम्प्युटरमध्ये दबा धरून बसली होती. तो काय करतो ते त्याच्या नकळत पाहत राहायचं, आजवर एवढंच काम. त्याची भाषा ती वर्गात शिकली, पण मुरली ती त्याच्यामुळे. बायको गेल्यापासून तो सुट्टीच्या दिवशीही कामावर यायचा. स्क्रीनवर एकट्याने पत्त्यांचा डाव मांडायचा आणि अडला की स्वतःशीच लबाडी करायचा. गुडघेदुखीवर उपाय शोधत बसायचा. एकदा दिवसभर त्याने कॉम्प्युटर उघडला नाही, तर तिला घास गोड लागला नव्हता.

तिला तरी दुसरं कोण होतं? कामाबद्दल चकार शब्द काढायची सोय नव्हती. मैत्रिणी विचारून विचारून थकल्या आणि पांगल्या. आई फोनवर म्हणायची, “अगं, करतेस तरी काय तिथे?”

“कॉम्प्युटरवर बसते गं.”

त्यापुढे बोलणं सरकायचं नाही.

“हॉस्पिटल राहू द्या ना, साहेब. आजारी माणसं आहेत तिथे.”

“म्हणूनच तर. तुम्हाला जमत नसेल तर उठा. हे करतील.” साहेबांनी शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याकडे मान वळवली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि तो घेत ते खिडकीकडे गेले.

ती उठली असती तरी पंप बंद पडणारच होता. उपाय एकच होता. आत शिरायची वाटच बुजवायची. आणि ती बुजवणं फक्त पलीकडच्याच्या हातात होतं. नोकरी जाणार हे उघड होतं, कदाचित तुरुंगही. साहेबांची पाठ अजून वळलेलीच होती. तिने इंजिनियरच्या स्क्रीनवर एक कोरं पान उघडलं. इतक्या दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

‘काका, मी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेली आहे. कुठून येते ते सांगते. ती वाट ताबडतोब बंद करा, नाहीतर हॉस्पिटलचंही पाणी जाईल.’

त्याच पानावर खाली त्याची अक्षरं उमटू लागली.

‘वाट ठाऊक आहे, पोरी. पहिल्याच हिवाळ्यात सापडली होती. तेव्हाच बंद करायला हवी होती. पण माझ्याकडे येणारं दुसरं कोणीच नव्हतं.’

तिचं वाचून होईपर्यंत ती अक्षरं तशीच राहिली. मग स्क्रीन काळी झाली.