पक्का काळा

पितळेवर लेझरने न पुसणारा काळा रंग उमटवायला पाटीवाल्याने तीन महिने डोकेफोड केली. मशीनचा वेग नि पॉवर बदलत तो रोज दहा-बारा तुकडे करायचा आणि प्रत्येकाच्या मागे मार्करने त्याचे आकडे लिहायचा.

"वहीत लिहा की," बायको म्हणायची.

"वही हरवते. आकडे तुकड्याच्या पाठीवर असले की चिंता नाही."

रंग कधी तपकिरी यायचा, कधी बोटाला लागायचा. परवाच्या तुकड्यांतला एक मात्र काळाकुळकुळीत निघाला. सोमवारी तीनशे पाट्या द्यायच्या होत्या. त्याचा जीव भांड्यात पडला.

शेवटची परीक्षा गावाहून आलेल्या आत्याकडे. तिच्या घासणीखाली भल्याभल्या पातेल्यांची कल्हई उतरली होती. तिने बाह्या सरसावून तासभर तुकडा घासला. तो दारात नखं खात उभा.

"जिंकलास रे बाबा! काळा तसूभरही हलला नाही," म्हणत तिने लखलखीत तुकडा त्याच्या हातात ठेवला.



"मागे कुणीतरी आकडे खरडून ठेवले होते, ते मात्र पहिल्याच हाताला गेले बघ."