राखीव तुकड्यातला पाहुणा

"खरं सांग, मेंढरं आत घातलीस ना?"

"ताई, तुझ्या गळ्याची शपथ. नाही घातली."

धाकटा भाऊ काठी टेकून फाटकापाशी उभा होता. तणवालीचा त्याच्यावर काडीचाही विश्वास बसला नाही. तिच्या हातात नुकतंच मुळासकट उपटलेलं रोप होतं. पिवळी फुलं, देठाला काटे. लोक या तणाला पाहुणा म्हणत. आला तो आला, जायचं नाव नाही! सगळं सरकारी कुरण त्याने गिळत आणलं होतं. उरला होता तो तारेच्या कुंपणातला हा राखीव तुकडा. इथे अजून खरं गवत होतं, आणि त्या गवतात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी होते. बाहेरचं तण उपटायचं आणि हा तुकडा राखायचा, हेच तिचं काम. अकरा वर्षं तिने तो तळहाताच्या फोडासारखा जपला होता. आणि आज सकाळी पाहुणा आत दिसला.

वनखात्याचे साहेब बारा वाजता तपासणीला येणार होते. आत्ता पावणेअकरा झाले होते.

मेंढरं आत गेल्याचं निघालं की भावाचा चराईचा पास रद्द. पास गेला की साठ मेंढरं विकायची. आणि मेंढरं विकून त्याने करायचं काय? त्याला दुसरं काही येत नव्हतं. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं, म्हणून त्याला काय येतं आणि काय येत नाही हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

"लोकरीला चिकटूनच बी येतं, मला शिकवू नकोस. चल, उपट. साहेब यायच्या आत एकही दिसता कामा नये."

"मी केलंच नाही तर लपवू कशाला?"

"तोंड चालवू नकोस, हात चालव."

दोघं वाकले. एक रोप तर टिटवीच्या चार अंड्यांपासून वीतभरावर उगवलं होतं. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत नुसती किंचाळत होती. ओरड बाई ओरड, तुझं बरोबर आहे, असं तणवाली पुटपुटली. या पाहुण्याने एकदा गवत दाबलं की टिटवी पुढच्या वर्षी इथे पाऊल ठेवणार नव्हती. काटे बोटात घुसत होते. हातमोजे घालायचंही तिला सुचलं नव्हतं.

सात रोपं उपटली असतील नसतील, तोच जीपचा आवाज आला. साहेब तासभर आधीच हजर. साहेब लोकांची वेळ पाळायची असते ती फक्त दुसऱ्यांनी!

"बाई, हे काय?"

साहेबांनी तिच्या मुठीतली रोपं पाहिली. मग कुंपणाबाहेरची मेंढरं पाहिली. मग भावाकडे पाहिलं.

"राखणदाराचाच भाऊ. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं!"

"मी नाही घातली, साहेब," भाऊ म्हणाला.

"मग हे काय आभाळातून पडलं?" साहेबांनी बगलेतली वही काढली.

काहीतरी सबब सापडावी म्हणून तणवालीने कंबर सरळ करून गवतावरून नजर फिरवली. वाकून उपटताना जे दिसलं नव्हतं, ते आता दिसलं. पिवळी फुलं एका ओळीत होती. फाटकापासून निघून, सरळ तुकडा ओलांडून, पलीकडच्या कोपऱ्यात गेलेली ओळ. मेंढरं आत शिरली असती तर तण चौफेर पसरलं असतं. मेंढी तोंड नेईल तिकडे जाते, ती कुठली नाकासमोर चालायला! ओळीच्या टोकाला, कुंपणाला लागूनच बाहेर, तण जाळायचा खड्डा होता.

ती वाट तिच्या ओळखीची होती.

उपटलेलं तण पोत्यात भरायचं आणि कुंपणाच्या बाहेरून वळसा घालून खड्ड्यावर न्यायचं, हा नियम. नव्या माणसांना तो तिनेच घसा फोडून शिकवला होता. पण गेल्या वर्षी तिचा गुडघा धरला होता. वळसा नको म्हणून पंधरा दिवस तिने पोती आतूनच ओढत नेली होती. तोंड बांधलंय पोत्याचं, काय होतंय एवढ्याने, असं मनाशी म्हणत. पोत्याची वीण मोकळी, आणि बी मोहरीहून बारीक. सगळ्या वाटेने ते गळत गेलं होतं.

इतका वेळ ती भावासाठी घाबरली होती. आता ती स्वतःसाठी घाबरली. ही भीती पहिलीपेक्षा मोठी निघाली, याची तिला लाज वाटली. अकरा वर्षांचं काम जाणार होतं, नाव जाणार होतं. तिने हळूच भावाकडे पाहिलं.

तोही त्या ओळीकडेच बघत होता. फाटकापासून खड्ड्यापर्यंत त्याची नजर गेली. मग ती परत आली आणि तिच्या गुडघ्यावर थांबली. त्या पंधरवड्यात रोज संध्याकाळी सायकलवर बसवून तिला घरी सोडणारा तोच होता.

"साहेब," तो म्हणाला, "मीच घातली मेंढरं. दोनदा घातली. लिहा."

"आत्ता कसं बोललास!" साहेबांनी पेन उघडलं आणि लिहायला सुरुवात केली.

तिने फक्त गप्प राहायचं होतं. भाऊ तिच्याकडे बघतही नव्हता. मान खाली घालून तो काठीच्या टोकाने माती उकरत होता. लहानपणी काही फुटलं की अस्साच उभा राहायचा, त्याने फोडलेलं असो वा नसो.

"ते खोडा, साहेब," ती म्हणाली. "मेंढरं पोती ओढत नाहीत."